तुम्ही विचारलंत म्हणून: स्वर्गावरचं टिंब

"तुमच्यात एकूण किती स्वर्ग असतात हो?"

हा प्रश्न मला लोकांनी भाजीच्या गाडीपाशी विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय, दोन लग्नांत पानावर बसल्यावर विचारलाय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी, माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना. ३२ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवतेय, तेव्हा बाईंना माहीत असणारच असा लोकांचा समज.

विचारणारे दोन तऱ्हेचे. एक आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. त्यांनी उपदेशात 'तिसरा स्वर्ग' ऐकलेलं असतं, आणि तिसरा म्हटल्यावर पहिला-दुसरा कुठं गेला, इथं त्यांची गाडी अडते. दुसरे शेजारपाजारचे, भूः, भुवः, स्वः, महः, जनः, तपः, सत्यम् म्हणत मोठे झालेले. त्यांच्या हिशेबात लोक सात, इस्लाममध्येही आसमान सात, मग ख्रिस्ती लोकांना तीनच का? जणू रेशनवर आम्हालाच कमी मिळाले.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टची वाट बघताना हेच विचारलं. लिफ्ट आली, आणि "सांगते एकदा निवांत" म्हणून मी सुटले. काकू, आज निवांत आहे.

आधी सरळ उत्तर. बायबलमध्ये स्वर्गांची मोजदाद कुठंही नाही. 'तिसरा स्वर्ग' हे शब्द सबंध बायबलात एकदाच येतात, करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात. पत्र लिहिणारा पौल, येशूच्या पहिल्या पिढीतला प्रेषित. तो लिहितो, ख्रिस्ताच्या ठायी असलेला एक माणूस मला माहीत आहे, त्याला चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलून नेलं; देहासकट की देहाबाहेर, मला ठाऊक नाही, देवाला ठाऊक. पत्र इ.स. ५५-५६च्या सुमाराचं, म्हणजे घटना ४२च्या आसपासची. हा 'एक माणूस' म्हणजे पौल स्वतःच, हे दोन ओळींत कळतं. आपल्याकडेही "आमच्या ओळखीत एकाला असं झालं होतं" म्हणत लोक स्वतःचीच गोष्ट सांगतात. बरं, मग पुढं? पुढं काही नाही. तिथं काय दिसलं, कोण भेटलं, उजेड कसला होता, एक अक्षर नाही. माणसानं उच्चारू नयेत असे शब्द ऐकले, एवढं सांगतो आणि लगेच अंगात रुतलेल्या काट्याबद्दल बोलायला लागतो. हा काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे.

करिंथच्या मंडळीत त्या वेळी आपला मोठेपणा मिरवणारे उपदेशक शिरले होते, हे पत्र त्यांना उत्तर म्हणून लिहिलंय. त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. ज्याला खरोखर एकही बोट उरला नव्हता, तो काट्याबद्दल बोलतो. मला हा पौल फार आवडतो.

आमच्या रविवारच्या शाळेत पूर्वी फ्लॅनेलचा फळा होता. त्यावर कापडी चित्रं दाबली की चिकटायची. स्वर्गाच्या धड्याला तीन पट्टे लावायचे: खाली ढग आणि पाखरं, हा पहिला, मध्ये सूर्य, चंद्र, तारे, हा दुसरा, वर सोनेरी पट्टा आणि सिंहासन, हा तिसरा. मीही कितीतरी वर्षं हेच शिकवलं, आणि ते अगदीच चूक नाही. पाऊस पडतो ते, तारे असतात ते आणि देव राहतो ते, या तिन्ही ठिकाणांना बायबल एकच शब्द वापरतं. नंबर मात्र आपण घातलेत.

हे माझ्या लक्षात आणून दिलं सातवीतल्या एका मुलानं. शाळेची सहल नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन आली होती. तिथं प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. त्यानं विचारलं, "टीचर, ती दुर्बीण म्हणजे दुसऱ्या स्वर्गात बघते का?" मी म्हटलं, तसं म्हणता येईल. "मग तिसरा तिथून किती लांब राहिला?" वर्ग हसला, मीही हसले, पण घरी येऊन शब्दसूची काढून बसले. 'दुसरा स्वर्ग' कुठंच सापडला नाही. 'पहिलं आकाश' सापडलं, प्रकटीकरण या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, पण तिथं पहिलं म्हणजे आधीचं. ते जुनं आकाश निघून जातं आणि नवं येतं. मजल्याच्या नंबराशी त्याचा संबंध नाही.

मग पौलानं 'तिसरा' आणला कुठून? त्याच्या काळापासून पुढची शंभर-दोनशे वर्षं ज्यू आणि ख्रिस्ती लोकांत असे आकडे फिरत होते, आणि एकमत मुळीच नव्हतं. कुणी तीन म्हणे, कुणी पाच, बरेच जण सात, हनोख या बायबलातल्या प्राचीन पुरुषाच्या नावावरच्या एका ग्रंथाच्या एका पाठात तर दहा. हे ग्रंथ आमच्या बायबलात नाहीत. त्यांतल्या काहींत सुखलोक तिसऱ्या स्वर्गात आहे, आणि पौलही दोन ओळींनंतर 'सुखलोक' म्हणतो. त्यामुळे त्याचा तिसरा हा शेवटचा की सातांतला तिसरा, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर शेवटचा. आणखी चार जिने बाकी होते असं कबूल करून कुणी बढाईखोरांची तोंडं बंद करायला निघत नाही.

पुढच्या लोकांनी या एका शब्दावर काय काय बांधलं ते सांगत बसले तर रात्र होईल. संत ऑगस्टिननं जागा मोजायच्या सोडून पाहण्याच्या तऱ्हा मोजल्या: डोळ्यांनी पाहणं, मनातल्या चित्रांनी पाहणं, आणि चित्राशिवाय नुसत्या बुद्धीनं पाहणं. १८३२मध्ये अमेरिकेत जोसेफ स्मिथनं सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांच्या तेजावरून वैभवाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्याचे अनुयायी, मॉर्मन लोक, त्या मानतात, आमच्या मंडळ्या मानत नाहीत.

माझ्यापुरता हा गुंता सुटला तो स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत. माझ्याबरोबर एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, बाई गणित शिकवायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, रास्ता पेठेतल्या सिनेगॉगला जाणाऱ्या, बोलणं अस्सल कुलाबा जिल्ह्याकडच्या, आताच्या रायगडच्या, वळणाचं. मी डबा उघडता उघडता त्यांना विचारलं, की उत्पत्ती या बायबलातल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या ओळीत आकाशाला जो हिब्रू शब्द आहे तो एकवचनी की अनेकवचनी?

"शामायिम," त्या म्हणाल्या. "एकवचन नाहीच त्याला. मायिम म्हणजे पाणी, त्यालाही नाही."

"म्हणजे आकाशं अनेक?"

त्यांनी चमचा माझ्या डब्याकडे रोखला. "हे काय आणलंयस?"

"पोहे."

"एक पोहा म्हणतेस का कधी?"

वचनाचं प्रकरण इतकं नेमकं मला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकानं समजावलेलं नाही. पोहे, डोहाळे, कांजिण्या, हाल. कुणाचे हाल झाले म्हटलं तर 'किती हाल?' असं आपण विचारत नाही. शामायिम तसं आहे. रूप अनेकवचनी, पण त्यात मोजणी नाही. आपण मराठीत 'प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी' असं वाचतो, त्यामुळे पोह्यांचा पोहा झालाय हे आपल्याला कळतच नाही.

तीच गत 'आकाशांच्या आकाशा'ची. शलमोन राजा यरुशलेमचं मंदिर पुरं झाल्यावर प्रार्थना करतो, की आकाशात आणि आकाशांच्या आकाशातही तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घरात कुठला मावतोस? ही प्रार्थना पहिल्या राजे पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. लोक लगेच मोजायला लागतात: हे एक, ते दुसरं. पण हिब्रूत एखादी गोष्ट सगळ्यात वरचढ म्हणायची असली की शब्द असा दुहेरी करतात. गीतांचं गीत, ज्याला मराठी बायबलनं गीतरत्न असं सुरेख नाव दिलंय. पवित्रांचं पवित्र, म्हणजे परमपवित्रस्थान. माझी आई एखाद्या माणसाला 'सोन्यातलं सोनं' म्हणायची तेव्हा ती काही दागिने मोजत नसे.

या परमपवित्रस्थानापाशी जरा थांबू या, कारण तिसऱ्या स्वर्गाची वाट मला तिथून जाताना दिसते. यरुशलेमच्या मंदिराला आधी अंगण, अंगणातून आत पवित्रस्थान, आणि त्याच्याही आत, पडद्याआड, परमपवित्रस्थान. तिथं वर्षातून एकदा, एकटा प्रमुख याजक जायचा. आपल्या कुठल्याही जुन्या दगडी देवळात काय असतं? सभामंडप, अंतराळ, गाभारा. मधल्या चिंचोळ्या जागेला अंतराळ म्हणतात. आता मराठी बायबलचं पहिलं पान उघडा. देव पाण्याच्या मधोमध जे करतो आणि मग ज्याला 'आकाश' हे नाव देतो, त्याला तिथं शब्द आहे: अंतराळ. भाषांतरकारांच्या डोळ्यांपुढं देवळाचा नकाशा होता असं मी म्हणणार नाही. 'मधली जागा' म्हणूनच त्यांनी तो घेतला असणार. पण एकदा दिसल्यावर मला ते विसरता येत नाही.

आणि यरुशलेममध्ये तर हे उघडच होतं. योसेफस नावाच्या ज्यू इतिहासकारानं ते मंदिर इ.स. ७०मध्ये जळण्याआधी स्वतः पाहिलं होतं. दारावरच्या पडद्याचं वर्णन त्यानं लिहून ठेवलंय: निळा, जांभळा, किरमिजी, आणि त्यावर राशींची चित्रं सोडून सगळं आकाश भरलेलं. म्हणजे आत जायचं तर आकाश बाजूला सारूनच. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र येशूला 'आकाशांतून पार गेलेला' प्रमुख याजक म्हणतं, आणि पुढं नवव्या अध्यायात, तो हातांनी बांधलेल्या पवित्रस्थानात गेला नाही, प्रत्यक्ष स्वर्गात गेला, असं सांगतं. तेव्हा काकू, 'तिसरा' म्हटल्यावर लिफ्टचं बटण डोळ्यांपुढं आणू नका. वाड्याचे चौक आणा.

वाड्याचं निघालंच आहे तर एक सांगते.

आम्ही नाना पेठेत चाळीत राहायचो. पंचहौद मिशनमध्ये १८९० साली टिळक-रानडे चहा प्यायले आणि त्यावरून पुण्यात प्रायश्चित्तापर्यंत रण माजलं, ती जागा आमच्या चाळीपासून पाच-दहा मिनिटांवर. माझ्या लहानपणापर्यंत चहाचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. बाकीचं थोडं थोडं शिल्लक होतं. माझी एक वर्गमैत्रीण जवळच एका वाड्यात राहायची. वाड्याला तीन चौक. पहिल्या चौकात कुणीही यायचं: पोस्टमन, कल्हईवाला, मी. दुसऱ्या चौकात जिना होता, त्याच्या पायऱ्यांवर आम्ही सागरगोटे खेळायचो, पाढे म्हणायचो. तिसरा चौक स्वयंपाकघराकडचा. तिकडं मी जात नसे. जाऊ नकोस असं मला कुणी कधी म्हणालं नव्हतं, पण कुठला उंबरा आपला नाही ते मुलांना न सांगता कळतं. मैत्रीण पाणी आणायला आत गेली की मी त्या उंबऱ्याशी उभी राहून बघायचे. आधी अंधार, आणि अंधाराच्या टोकाला उन्हाचा एक चौकोन.

एकदा मे महिन्यात मी पुस्तक परत द्यायला गेले. घरची सगळी लग्नाला गेली होती, आजी एकट्याच होत्या. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या, माझ्या मागं कुणी आहे का पाहिलं, आणि म्हणाल्या, "ये आत." हाताला धरूनच नेलं. चौकात जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत होत्या. एका अंगाला हौद, एका कोपऱ्यात जातं, त्याचा खुंटा हात लागून लागून काळा तुकतुकीत झालेला. त्यांनी पितळेच्या वाटीत गरम चीक घातला, वर तेलाची धार. मी उकिडवी बसून खाल्ला. जीभ पोळली. निघताना म्हणाल्या, "बाहेर बोलू नकोस हो."

मी बोलले नाही, अगदी आईलासुद्धा. पौलानं चौदा वर्षं कळ काढली, मी पन्नासच्या वर काढली. आजी केव्हाच गेल्या, वाड्याच्या जागी खाली पार्किंग आणि वर सहा मजले आहेत, म्हणून आज लिहितेय.

यानंतर कित्येक वर्षांनी तालमूदातली सात स्वर्गांची यादी माझ्या वाचनात आली. तालमूद म्हणजे रब्बींच्या चर्चांचा प्रचंड संग्रह. त्यातल्या हगीगा नावाच्या भागात नावं आहेत: विलोन, राकिया, शहाकिम, जबूल, माओन, माखोन, अराबोथ. पहिला विलोन म्हणजे पडदा. दुसऱ्यात सूर्य, चंद्र, तारे. आणि तिसऱ्यात, शहाकिममध्ये, दळायची जाती आहेत. तिथं नीतिमान लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून पाठवलेलं अन्न, दळतात.

तिसऱ्यात जातं! मी पुस्तक उपडं ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. सिंहासनं, अग्नीचे रथ, सोन्याचे रस्ते यांची वर्णनं मी शेकड्यानं वाचलीत, शिकवलीत. जात्याची घरघर ऐकू येणारा स्वर्ग मला दुसरीकडं कुठं भेटला नाही. हे लिहिणारे रब्बी पुरुष होते. त्यांच्या घरी पहाटे कोण दळत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता ज्याचा मला राग येतो ते. हल्ली काही सभांमध्ये पडद्यावर 'दुसरा स्वर्ग' दाखवतात. तिथं म्हणे सैतानाची कचेरी. शाप, आजार, कर्ज, सगळं तिथून सुटतं, आणि तुमच्या प्रार्थना वर जाताना तिथं अडतात. मग तो थर फोडायची खास प्रार्थना, आणि शेवटी दानाचं पाकीट. आमच्या महिला मंडळातली एकजण मुलाच्या आजारपणात अशा सभेहून आली ती रडतच: "बाई, माझी प्रार्थना दुसऱ्या स्वर्गात अडकलीये."

यासाठी आधार देतात इफिसकरांस पत्राचा. त्याच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की आपलं झगडणं 'आकाशातल्या दुरात्म्यांबरोबर' आहे. पण त्या जागी ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच शब्द त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात देव आशीर्वाद देतो तिथं आहे, आणि दुसऱ्या अध्यायात आपल्याला ख्रिस्ताबरोबर बसवतो तिथंही आहे. त्या दोन्ही ठिकाणी मराठीत 'स्वर्ग' केलंय, सहाव्यात 'आकाश'. कारण उघड आहे. दुरात्म्यांना स्वर्गात कसं बसवायचं? भाषांतरकारानं त्यांची सोय आकाशात लावली. त्याच्या जागी मी असते तर मीही बहुधा तेच केलं असतं. पण त्यामुळे मराठी वाचकाला वाटतं की इथं दोन वेगळे मजले आहेत, आणि मग कुणीतरी प्रोजेक्टर घेऊन येतो.

हिब्रूत आणि ग्रीकमध्ये शब्द एकच. मराठीत आपल्याकडे दोन, आकाश आणि स्वर्ग. प्रत्येक ओळीला भाषांतरकाराला एक निवडून दुसरा टाकावा लागतो. शिवाय 'स्वर्ग' काही कोरा शब्द नाही. इंद्र, अप्सरा, नंदनवन सगळं घेऊन तो येतो, आणि पुण्य सरलं की मर्त्यलोकात परत पाठवतो, तसं गीताच सांगते. तरीही १६१६मध्ये गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण या आपल्या मराठी ओवीबद्ध काव्याच्या सुरुवातीलाच देवाला 'स्वर्गपृथ्वीच्या रचणारा' म्हणून हाक मारली, आणि शब्द आमच्या घरात आला तो राहिलाच. या ओढाताणीचा विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवतात. दौंडच्या वाटेवर केडगावला बसून, पुराणं तोंडपाठ असलेल्या त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला, मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून. 'स्वर्ग' लिहिताना या शब्दाची सगळी बिऱ्हाडं त्यांना जितकी ठाऊक होती तितकी क्वचितच कुणाला असतील.

त्या रडणाऱ्या बाईला मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा, सहावा अध्याय वाचून दाखवला. तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, असं येशू म्हणतो, आणि लगेच प्रार्थना शिकवतो: हे आमच्या स्वर्गातील पित्या. त्याच अध्यायात थोडं खाली: आकाशातील पाखरांकडे निरखून पाहा. पित्याचा स्वर्ग आणि पाखरांचं आकाश, ग्रीकमध्ये शब्द तोच, उरानोस. तिला म्हटलं, चिमण्यांना आडवं येणारं काही तिथं दिसतंय का तुला? ती थोडी हसली. मूल पुढं बरं झालं, पण ते औषधानं, आणि त्याचं श्रेय मी कुणाला घेऊ दिलं नाही.

फरक फक्त वचनाचा आहे. पाखरांचं आकाश एकवचनी, पित्याचा स्वर्ग अनेकवचनी. मत्तयाची ही खोडच आहे. देवाच्या ठिकाणाबद्दल बोलताना तो बहुतेक वेळा अनेकवचन वापरतो, आणि पृथ्वीशी जोडी लावायची झाली की एकवचनावर येतो. म्हणून एकाच प्रार्थनेत 'स्वर्गांतील पित्या' अनेकवचनी आणि 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही' एकवचनी. 'स्वर्गाचं राज्य' हेही तो अनेकवचनात म्हणतो, ३२ वेळा. बाकीचे शुभवर्तमानकार सरळ 'देवाचं राज्य' लिहितात. बरेच जण याचं कारण सांगतात, की मत्तय ज्यू वाचकांसाठी लिहीत होता आणि देवाचं नाव घ्यायचं टाळत होता. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही, कारण 'देव' हा शब्द तो इतरत्र सर्रास वापरतो. मला मात्र ते पटायला जड जात नाही. माझ्या आजीनं आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही. ख्रिस्ती घर, रोज संध्याकाळी प्रार्थना, पण नवऱ्याचं बोलणं निघालं की "इकडून आज उशीर व्हायचाय". इकडून! माणसाच्या जागी दिशा. देवाच्या जागी स्वर्ग म्हणणाऱ्याला ती लगेच ओळखली असती.

तिचं बायबल माझ्याकडे आहे. पाठीला कापडाची पट्टी, कडांना कसर लागलेली, आणि शुद्धलेखन जुनं. त्या शुद्धलेखनात 'घरांत', 'शेतांत', 'स्वर्गांत', सगळ्यांवर टिंब, घर एक असो की दहा. 'जसें', 'तसें'वरही. १९६२मध्ये नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. तेव्हापासून 'स्वर्गात' म्हणजे एका स्वर्गात आणि 'स्वर्गांत' म्हणजे अनेक, एवढंच. स्वर्ग शब्द पुल्लिंगी अकारान्त, त्यामुळे एक स्वर्ग, सात स्वर्ग, रूप तेच राहतं. अनेकवचन दाखवायला मराठीकडे ते टिंब तेवढं आहे. आजी जन्मभर 'स्वर्गांतील पित्या' वाचत होती, म्हणजे ग्रीकबरहुकूम, आणि तेही केवळ जुन्या छपाईच्या कृपेनं. मी त्याच टिंबाला ३२ वर्षं अर्धा गुण कापत आले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी मृत्यू झाला, तेव्हा थडग्याच्या फरशीवर अक्षरं कोरणाऱ्यानं विचारलं, "वर 'स्वर्गवासी' घालू ना ताई? चारच अक्षरं, सगळे घालतात." मी नको म्हटलं. 'प्रभूमध्ये निजलेले' घालायला लावलं, अक्षरं वाढली, पैसेही वाढले. त्याला कारण सांगत बसले नाही. बायबलच्या शेवटच्या पानांवर माणसं वर जात नाहीत, नगरी खाली उतरते, आणि देवाचा तंबू माणसांत पडतो. 'वासी' म्हणून कुणाला कायमचं वर पाठवून द्यायला माझं मन धजेना.

मागच्या शनिवारी नातू रविवारच्या शाळेसाठी प्रभूची प्रार्थना वहीत उतरवत होता. तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात, मराठी चित्र काढल्यासारखं लिहितो. हाताशी माझ्या आजीचं बायबल होतं, त्यातनंच बघून लिहिलंन आणि वही तपासायला माझ्यापुढं धरली. 'स्वर्गांतील'वर टिंब, दोन ओळींनंतर 'स्वर्गांत'वर टिंब, 'जसें'वर, 'तसें'वर टिंब.

मी लाल पेन घेतलं. 'जसें', 'तसें' आणि 'स्वर्गांत'वरची टिंबं खोडली.

"आणि हे पहिलं?" त्यानं विचारलं. "हे राहिलं ना आजी."

"ते असू दे," म्हटलं.